धुक्यातली पाच घरं

मी एक्स-रे काढते. पनवेलमधल्या एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावर माझी खोली आहे, आणि गेली चौदा वर्षं तिथल्या काचेमागं उभी राहून मी दिवसभर तीच तीन वाक्यं म्हणते. हलू नका. श्वास रोखा. सोडा.

पावसाळ्यातल्या दर रविवारी दुपारनंतर आमच्याकडं डोंगरावरून घसरलेली मंडळी येतात. कुणी धबधब्याखालच्या शेवाळावर पाय दिलेला असतो, कुणी फोटोसाठी एक पाऊल मागं टाकलेलं असतं. मनगट, घोटा, नडगी, आणि वाईट रविवार असेल तर मणका. त्यामुळं डोंगर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं हिरवं येतं, माझ्यापुढं काळ्या फिल्मवरची पांढरी रेघ येते. ती रेघ जिथं तुटलेली असते तिथंच माझं लक्ष जातं.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढं वाचताना तुम्हाला वाटेल, ही बाई फारच भित्री आहे. आहेच. पण माझी भीती हवेतली नाही, तिचे प्रिंट माझ्याकडं आहेत.

तर अशा बाईला मे महिन्यात इंग्लंडमध्ये नेऊन, दोन लहान पोरांसकट आठवडाभर डोंगरात चालवायचं, ही कल्पना माझ्या नणंदेची. वनिताताई माझ्या नवऱ्याची, संदीपची, मोठी बहीण. पनवेलजवळच्या विचुंब्यात वाढली, नर्स झाली, आणि आता बरीच वर्षं मँचेस्टरजवळच्या एका गावात असते. तिनं फोनवर एकदाच विचारलं आणि संदीपनं "येतो" म्हणून टाकलं. मी भाकरी थापत होते. हात पिठात असताना घेतलेले निर्णय मला कधी लाभले नाहीत.

शनिवार : कॉटेज

लेक डिस्ट्रिक्ट हा इंग्लंडच्या वायव्येकडचा तळ्यांचा आणि डोंगरांचा मुलूख. डोंगर आपल्या सह्याद्रीपुढं बुटके, पण उघडेबोडके. आपल्याकडं घसरलात तर निदान करवंदीची जाळी तरी अडवते. इथं गवत आणि दगड, दगड आणि गवत. मधूनमधून शेकडो वर्षांपूर्वी चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती सरळ डोंगर चढून जातात. आणि डोंगराला तिकडचे लोक म्हणतात 'फेल'. मी संदीपला म्हटलं, "नावातच निकाल लागलाय." तो हसला. मी गंमत करत नव्हते.

वनिताताईनं भाड्यानं घेतलेलं कॉटेज म्हणजे पाटीच्या दगडाचं छप्पर असलेलं दोन मजली घर. आल्याबरोबर तिनं पिशवीतून सुके बोंबील काढले. आम्हीच पनवेलहून आणले होते, चार पिशव्यांत गुंडाळून, कस्टममध्ये कुणी हुंगेल का या धास्तीत. तव्यावर बोंबील पडले, धूर झाला आणि छतावरचा अलार्म असा किंचाळला की पाच वर्षांचा आरुष थेट टेबलाखाली गेला. शेजारच्या घरातले आजोबा धावत आले. संदीपनं टॉवेल फिरवून धूर बाहेर घालवला, खिडक्या उघडल्या, आणि आजोबा वास घेत, अत्यंत सभ्यपणे, "छान, वेगळंच काहीतरी" असं म्हणून परत गेले.

जेवताना वनिताताईनं दोन्ही पोरांच्या पाठपिशव्यांना एकेक नारंगी शिट्टी बांधली. "हरवलात ना, तर सहा वेळा वाजवायची. मंग एक मिनिट गप बसायचं. परत सहा. कुनी ऐकलं तर ते तीनदा वाजवतात. हितला नियमच हाय."

"हरवलात तर म्हणजे?" मी विचारलं.

"शिल्पा, घाबरू नको गो. आमी दर महिन्याला जातो. काय होत नाय."

आमच्या हॉस्पिटलात येणारा प्रत्येक जण आदल्या दिवशी कुणाच्या तरी तोंडून हेच ऐकून आलेला असतो.

रविवार : शेतातून वाट

पहिला दिवस तळ्याकाठच्या सपाट वाटेचा. मला सगळ्यात नवल वाटलं ते त्या वाटेचं. ती सरळ लोकांच्या शेतातून जाते. फाटक उघडायचं, आत शिरायचं, मागं लावून घ्यायचं आणि चालू लागायचं. मालक ट्रॅक्टरवरून हात करतो. संदीप दर फाटकाशी थबकायचा. ज्या गावात बांध वीतभर सरकला म्हणून दोन चुलतभाऊ आयुष्यभर बोलत नाहीत, त्या गावातला तो. "असं कुणाच्याही जागेतून?" तो तीनदा म्हणाला.

आणि तिथली पोरं! दोन वर्षांची मुलगी बापाच्या पाठीवरच्या झोळीत झोपलेली, तिचा चार वर्षांचा भाऊ एका खडकावर उभा, हातात जॅम लावलेला ब्रेड. आई खाली बसून चहा पितेय. खडक माझ्या डोक्याएवढा उंच. मी त्या पोराच्या खाली जाऊन उभी राहिले. झेलायला. आई माझ्याकडं बघून गोड हसली, तिला वाटलं असेल मी गप्पा मारायला आलेय.

तिसऱ्या की चौथ्या शेतात गाई होत्या, काळ्या, पिपाएवढ्या, पायाशी वासरं. आमची मुक्ता आठ वर्षांची. तिला माझ्या सासूबाईंनी, म्हणजे तिच्या आजीनं, लावलेली सवय आहे. गाय दिसली की पाठीला हात लावायचा आणि तो हात छातीला लावायचा. आम्ही राहतो त्या करंजाड्यात भाजीवाल्याच्या मागं बसलेल्या गाईला ती रोज शाळेत जाताना हात लावून जाते. मी आरुषचं नाक पुसत होते तेवढ्यात ती गेली, हात लावला आणि डोळे मिटून छातीवर टेकवला. गाईनं मान फिरवली. मग दुसरीनं फिरवली. वासरू हंबरलं आणि त्या सगळ्या जणी आमच्याकडं चालू लागल्या, सावकाश आणि सरळ.

वनिताताईचा आवाज पहिल्यांदा बदलला. "पलू नको मुक्ता. हलू हलू माझ्याकडं ये." संदीप पुढं झाला, दोन्ही हात पसरून विचुंब्याच्या थाटात "हॅक् हॅक्, हुर्रर" करू लागला. इंग्लंडच्या गाईंना आमची आगरी बोली कळत नसावी, पण त्या थांबल्या. आम्ही उलट पावली फाटकापर्यंत आलो. फाटक लागल्यावर वनिताताई म्हणाली, वासरं सोबत असली की इथं गाई माणसांना तुडवतात, दरवर्षी कुणीतरी जखमी होतं.

"हे तुम्ही आत्ता सांगताय?" मी म्हटलं.

मुक्ता म्हणाली, "पण मी नमस्कारच करत होते."

तिला मी काय सांगणार? नमस्कार आपण करायचा, तो पोचला की नाही ते गाईनं ठरवायचं. त्या दिवशी उरलेली वाट मी तिचं मनगट धरून चालले. हात नाही, मनगट. आतली दोन्ही हाडं माझ्या बोटांना लागत होती.

मंगळवार : डोंगर

सोमवार पावसात गेला. मंगळवारी असं लख्ख ऊन पडलं की माझ्याकडं सबब उरली नाही. पोरांना झेपेल असा डोंगर वनिताताईनं निवडला होता. अर्ध्यावर, आपल्याकडं जिला माची म्हणतात तसा एक सपाट पट्टा, तिथं जेवायचं, मग ज्यांना वाटेल त्यांनी माथ्यावर जायचं.

चढताना एक म्हातारी बाई भेटली. सत्तरीच्या पुढची, पाय बगळ्यासारखे, सोबत काळा-पांढरा कुत्रा. नाव मार्गारेट. जवळच्याच गावात राहते, आणि वाटांची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकांपैकी एक. माझा चेहरा बघून तिनंच विचारलं, बरं वाटतंय ना? मी म्हटलं, मला भीती वाटते. इंग्रजीत हे एक वाक्य मला फार सफाईनं येतं.

तिनं हसण्यावारी नेलं नाही. वाटेवरचा दगडांचा एक ढीग दाखवला, कमरेएवढा. "याला केर्न म्हणतात. वाटेच्या खुणा आहेत. धुकं आलं तर एका ढिगापाशी उभं राहायचं, पुढचा दिसला की तिकडं जायचं. दिसेपर्यंत पहिला सोडायचा नाही. एवढं केलंस तर घरी पोचशील."

कुणीतरी मला नियम दिला होता. मी तो मनात घट्ट गाठ मारून ठेवला. डोंगरावर प्रथमच मला जरा हायसं वाटलं.

माचीवर एका मोठ्या केर्नशेजारी आम्ही डबे उघडले. तांदळाची भाकरी, बटाट्याचे काप, आणि वनिताताईनं दिलेली पुदिन्याची साखरवडी. ही पांढरी, दातात कुरकुरणारी वडी तिथले डोंगर चढणारे खिशात ठेवतात. खाल्ली की तोंडात टूथपेस्ट आणि पेढा एकत्र आल्यासारखं वाटतं. माचीची उजवी बाजू पन्नास-साठ पावलांवर अचानक संपत होती. तिथं कडा होता. मी पोरांना म्हटलं, इथून हलायचं नाही. पोरं पाच मिनिटांत चुळबुळू लागली.

तेव्हा ती कल्पना मलाच सुचली. हे मला लिहिलंच पाहिजे. कल्पना माझी होती.

आपल्याकडं गडावर, देवीच्या डोंगरावर, वाटेकडेला लोक दगडावर दगड रचून ठेवतात ते तुम्ही पाहिलं असेल. रचलं की स्वतःचं घर होतं म्हणतात. आमच्या घरात हा खेळ फार चालतो, कारण आम्हाला घर हवंय. विचुंब्याचं मूळ घर पाडून तिथं इमारत व्हायची होती. चौथ्या स्लॅबला काम थांबलं ते थांबलंच. सासूबाईंसकट आम्ही पाच जण तेव्हापासून करंजाड्यात भाड्यानं राहतो. गेल्या काही वर्षांत जिथं जिथं आम्ही डोंगर चढलोय तिथं तिथं आमची घरं उभी आहेत.

"चला, घरं बांधा," मी म्हटलं. "एका जागी बसून."

दगड चपटे, पाटीसारखे, चांगले बसणारे. पहिलं घर आरुषचं, मोठ्या केर्नला लागून. दुसरं मुक्ताचं, थोडं पुढं, कारण जवळचे दगड संपले होते. तिसरं आत्याचं. चौथं आजीचं. ते मुक्तानं सगळ्यात निगुतीनं रचलं, वर पांढरा गोटा ठेवला आणि त्याखाली संत्र्याच्या सालीची एक चकती, "आजीच्या दाराला तोरण" म्हणून. पोरं दगड शोधत शोधत उजवीकडं सरकत होती आणि मी दर दोन मिनिटांनी ओरडत होते.

शेवटचं घर संदीपनं बांधलं. चांगलं गुडघ्याएवढं. नेऊन नेऊन कड्यापासून हातभर अंतरावर.

"अहो, मागं या! आधी मागं या तिथून!" माझा आवाज चिरकला.

"अगं, व्ह्यू पाहिजे ना फ्लॅटला," तो म्हणाला. "बाल्कनी इकडं येईल."

सगळे हसले. मीसुद्धा, तो मागं आल्यावर.

जेवणानंतर आरुषचे पाय दुखू लागले. वनिताताई त्याला घेऊन खाली गाडीकडं निघाली. मी त्यांच्याबरोबर जाणार होते, पण मुक्तानं माझा हात धरला. "आई, तू एकदा तरी वर ये ना. प्रत्येक वेळी तू खालीच थांबतेस." हे खरं होतं. मी गेले.

माथ्यावर आम्ही असू दहा मिनिटं. मुक्तानं दोन्ही हात वर केले, संदीपनं फोटो काढला. फोटोत तिच्या मागं पश्चिमेला एक करडी पट्टी दिसते. तेव्हा आम्हाला ती दिसली नाही.

उतार

आपल्याकडचं धुकं येतं तेव्हा दरीतून वर येताना दिसतं, निदान निरोप तरी देतं. हे आलं आणि डोंगर गेला. इतकंच. संदीप चार पावलं मागं होता, त्याचा चेहरा पुसल्यासारखा झाला. थंडी एकदम बोटांत शिरली. त्याचा चष्मा पांढरा पडला, आणि फोन सकाळपासून फोटो काढून आणि थंडीनं मान टाकून बसला होता.

"थांबूया का जरा?" तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "केर्न धरून उतरायचं. तिनं सांगितलंय."

मी पुढं झाले. लग्नाच्या इतक्या वर्षांत नवऱ्यानं माझं हे रूप पाहिलं नव्हतं, तो मुकाट मागं आला. मुक्ताचं मनगट माझ्या मुठीत. एक ढीग. थांबायचं. पुढचा दिसेपर्यंत डोळे ताणायचे. दिसला की जायचं. नियम चालत होता. सहा ढीग झाले, आठ झाले, जमीन सपाट झाली, माची आली. तो मोठा केर्न लागला. त्याच्याशी टेकून मी पुढं पाहिलं तर अगदी जवळ दुसरा ढीग होता, त्याच्यापुढं तिसरा. इतके जवळ जवळ ढीग! मला रडू येईल इतकं बरं वाटलं. मी भरभर चालू लागले.

आता घरी बसून मला मोठी रास आणि पोरांनी रचलेली चळत यातला फरक स्वच्छ दिसतो. तेव्हा मला फक्त दगडावर दगड दिसत होता, आणि जिथं दगडावर दगड तिथं वाट, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"आई," मुक्ता म्हणाली.

"चल."

"आई, हे नाही, आपण—"

"गप्प चल म्हटलं ना!"

मी तिला ओढलं. तिचं मनगट मुठीत पिळवटलं गेलं. तिसरा ढीग. चौथा. पुढं धूसरात पाचवा दिसला, चांगला गुडघ्याएवढा, आणि मी त्याच्याकडं पाऊल उचललं.

तेव्हा मुक्ता बोलली. मोठ्यानं नाही. माझ्या काचेमागच्या आवाजात, जो तिनं शाळा सुटल्यावर माझ्या खोलीबाहेर बाकड्यावर बसून शेकडो वेळा ऐकलाय.

"हलू नका. श्वास रोखा."

माझे पाय थांबले. मी थांबवले नाहीत. त्या शब्दांवर ते आपोआप थांबले.

"आई, हे आजीचं घर आहे," ती म्हणाली. "तोरण बघ."

पांढऱ्या गोट्याखाली संत्र्याची साल होती, ओली, नारंगी. पुढं दिसत होता तो संदीपचा फ्लॅट. मी नियमाप्रमाणं त्याच्यापाशी गेले असते. आणि सहावा ढीग दिसत नाही म्हणून, जरा पुढं वाकून बघायला, अजून एक पाऊल टाकलं असतं. मनगट धरलेली पोर माझ्याबरोबर आली असती, कारण मी सोडतच नाही.

वाऱ्याची एक झुळूक आली आणि क्षणभर पडदा फाटला. पाचव्या घरामागं गवत नव्हतंच. खूप खाली, तांदळाच्या दाण्याएवढ्या, पांढऱ्या मेंढ्या चरत होत्या. मग पडदा मिटला.

मी आजीच्या घराशेजारी मटकन बसले. संदीपनं आम्हा दोघींना पाठीमागून धरलं आणि त्याचे हात थरथरत होते. मला वाटायचं याला भीती वाटतच नाही. त्याची भीती माझ्या भीतीच्या आड उभी होती, इतकी वर्षं.

मुक्तानं शिट्टी काढली. सहा वेळा. मग एक मिनिट गप्प. परत सहा. त्या गप्प मिनिटात मी तिचं मनगट पाहिलं, माझ्या चार बोटांचे लाल वळ त्यावर होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. साखरवडी संपली. मग मागच्या बाजूनं, म्हणजे खऱ्या वाटेकडून, तीन शिट्ट्या आल्या, आणि मागोमाग तो काळा-पांढरा कुत्रा.

मार्गारेटनं आम्हाला मोजलं. "तिघंच ना? बाकीचे दोघं मला खाली उतरताना भेटले. बरं." मग तिची नजर ढिगांवर गेली. तिनं एक सुस्कारा टाकला आणि बूट उचलून, आपण वाटेतली करवंटी उडवतो तितक्या सहज, आजीच्या घराला लाथ घातली. वरचा गोटा घरंगळला.

"नको!" मुक्ता ओरडली. "ते माझ्या आजीचं घर आहे!"

म्हातारीचा पाय हवेतच थांबला. मुक्तानं तिला शाळेतल्या इंग्रजीत सगळं सांगितलं. दगड रचले की घर होतं, विचुंब्याचं घर पाडलं, आजीला स्वतःचं स्वयंपाकघर हवंय. मार्गारेट ऐकत होती. ऐकता ऐकता ती गुडघे मोडून मुक्ताच्या उंचीला आली.

"मला माफ कर," ती म्हणाली. "असे खोटे ढीग मी दर आठवड्याला पाडते. लोक मजेत रचतात, आणि धुक्यात दुसरं कुणीतरी त्यांच्या मागं जातं. ते रचणाऱ्याला कधी कळत नाही. आज कळलं."

शेवटचं वाक्य तिनं माझ्याकडं बघून म्हटलं नाही. तरी मला लागलं.

चार घरं मुक्तानं स्वतः उतरवली. लाथ नाही मारू दिली. वरचा दगड आधी, मग खालचा, एकेक जमिनीवर निजवल्यासारखा. पाचव्याकडं संदीप निघाला तेव्हा मार्गारेटनं त्याच्या छातीवर काठी आडवी धरली. "धुक्यात कुणीही तिकडं जाणार नाही. उद्या ऊन पडलं की मी येऊन पाडीन."

"मी पाडते," मी म्हटलं. कोण बोललं ते मलाच क्षणभर कळलं नाही.

बुधवार

खाली गाडीशी पोचेपर्यंत वनिताताईनं रडून डोळे लाल केले होते. "काय होत नाय" हे तिनं उरलेल्या आठवड्यात उच्चारलं नाही. ती सगळी रात्र माझ्या डोळ्यांपुढं फिल्म लागत होत्या. कुणाच्या, ते लिहीत नाही.

सकाळी आभाळ निवळलं. संदीप म्हणाला, मी जातो, घर माझं होतं. मी म्हटलं, खेळ माझा होता, तुम्ही आरुषजवळ थांबा. मुक्ता बूट घालून दारात उभीच होती. तिला नको म्हणायचा हक्क मी आदल्या दिवशी गमावला होता.

चढताना तिनं विचारलं, "आई, घरं पाडली तर आता आपलं घर होणार नाही?"

मला खोटं सुचत होतं, पण ते बोलायचा धीर झाला नाही. म्हटलं, "माहीत नाही गं."

"आजीला सांगायचं?"

"तू सांग."

(आम्ही घरी परतलो त्याच दिवशी तिनं सांगितलं. सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मुक्ताला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "बरा केलंस गो बाय. त्या घरात मला नाय ऱ्हायाचं." आणि मग घरात होता नव्हता तेवढा लसूण सोलून टाकला.)

माचीवर मार्गारेट आधीच येऊन बसली होती, कुत्र्याला दोरी बांधून. तिनं मला सांगितलं, उभी राहू नकोस, बसून सरक. मुक्ताला मी तिच्याजवळ बसवलं. तिचं मनगट धरलं नाही. नुसतं म्हटलं, "इथून बघ."

शेवटची दहा पावलं मी बसून गेले, ओल्या गवतावरून, लहान मूल जिना उतरतं तशी. लख्ख उजेड होता, आणि उजेडात ते अंतर कालच्यापेक्षा भयंकर होतं, कारण सगळं दिसत होतं. मेंढ्या, भिंत, भिंतीवरचा प्रत्येक दगड. मला स्पष्ट जाणवलं, मी आयुष्यभर घाबरणार आहे, हे काही जाणार नाही. हात लांब करून मी वरचा दगड उचलला आणि माझ्या मागच्या बाजूला ठेवला. मग दुसरा. तिसरा जड होता, संदीपनं पाया चांगला भरला होता. एकही दगड खाली दरीत जाऊ द्यायचा नव्हता, खाली कुणीतरी चालत असेल. शेवटची लादी उचलली तर तिच्याखालचं गवत एका दिवसात दबून सपाट झालं होतं.

मी तशीच सरकत मागं आले, तोंड कड्याकडं ठेवून. पाठ मुक्ताच्या गुडघ्यांना लागली तेव्हा थांबले. मी केव्हापासून श्वास धरून बसले होते, कुणास ठाऊक.

मागून तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मनगटावरचे वळ आता निळे पडले होते.

"झालं," ती म्हणाली. "सोडा."

मी श्वास सोडला, आणि मग मला रडू आलं.